गाठोडं सोडणारी बाई

अहो, तेरवी झाली आणि माणसं पांगली. काल मुलगीही रायपूरला गेली. "आई, तू चल ना माझ्यासोबत," असं तिचं दोन दिवस चाललं होतं. मी म्हटलं, उन्हं जरा उतरू देत, मग येते. उन्हाचा आणि माझ्या जाण्याचा काही संबंध नव्हता, पण नागपूरच्या वैशाखाचं नाव घेतलं की पुढे कोणी वाद घालत नाही.

तर आज दुपारी घरात मी एकटी. कूलर लावला आणि सवयीने तांदळाचं सूप मांडीवर घेऊन निवडायला बसले. एकटीला कितीसा भात लागणार, हे काही डोक्यात आलं नाही. हात चालू लागले आणि कान वाट पाहू लागले. आता तुम्ही घसा साफ कराल, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसाल आणि विचाराल, "कुठं होतो वं आपण काल?" बराच वेळ मी तशीच बसले होते. मग ध्यानात आलं, तांदूळ केव्हाचे निवडून झालेत आणि मी तेच दाणे इकडून तिकडे सारते आहे. तेव्हा रडू फुटलं. तुम्ही गेलात त्या दिवशीही असं फुटलं नव्हतं. त्या दिवशी घरभर माणसं होती, ती रडत होती, आणि त्यांना पाणी द्यायचं होतं.

तुमच्या शाळेत सभा झाली. सगळे चांगलंच बोलले. तुमचा जन्म, तुमची नोकरी, तुमचा शिस्तीचा स्वभाव, सगळं त्यांनी सांगितलं, म्हणून मी त्यातलं काही सांगत नाही. माझं काम वेगळं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. वर्गात असं कोणी केलं असतं तर तुम्ही बाकावर उभं केलं असतं.

भांडण कुठलं, ते तुम्हाला सांगायला नको. तीच ती, गाठोडंवाली.

लग्न होऊन मी गांधीबागेमागच्या आपल्या जुन्या घरात आले तेव्हा समोरच्या खोलीत सासऱ्यांचा माग होता आणि त्याची खटखट उजाडल्यापासून चालायची. बाईने मागावर बसायचं नाही, हा आपल्या घरचा दस्तूर. सूत उकलायचं, त्याला खळ लावायची, चरखा फिरवून कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात बसवायच्या त्या सुताच्या गुंडाळ्या करून ठेवायच्या, हे सगळं बायकांचं. आणि लुगडं विणलं कोणी, तर सासऱ्यांनी. माहेरी आमच्याकडेही हेच होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वावगं वाटायला तुम्हीच शिकवलंत, आणि मग ते वाटलं तर तुम्हालाच जड गेलं.

तुमची शाळा सकाळची. दुपारी तुम्ही घरी यायचात. दिवसाउजेडी नवऱ्याने बायकोशी बोलत बसायचं नाही, हाही दस्तूरच होता. पण तुम्ही हुशार. माजघराच्या उंबऱ्याला टेकून बसायचात आणि पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लागायचात. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "मास्तर हाय ना, उद्याचा धडा तयार करून राहिला." आणि तुमचा तो धडा ऐकणारी विद्यार्थिनी तुमच्यापासून चार हातांवर चरखा फिरवत बसलेली असायची. एकदा त्यांना शंका आली. "इतके धडे राह्यते काय रे रोज?" तुम्ही न अडखळता म्हणालात, "इन्स्पेक्टर येऊन राहिला, माय." तो इन्स्पेक्टर पुढे वर्षभर येतच राहिला.

असा संसार सुरू झाला आपला. लोकांचं बोलणं-बसणं होतं, हिंडणं-फिरणं होतं. आपल्या वाट्याला गोष्टी आल्या. तुम्ही वाचायचात आणि चांगल्या वाक्याला आवाज किंचित खाली यायचा, तेव्हा मला कळायचं की हे माझ्यासाठी आहे. त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, तुम्ही चढून बसला असता.

आणि काय काय बायका आणल्यात तुम्ही त्या माजघरात! वाचनालयातून जुन्या जुन्या गोष्टींची पुस्तकं आणायचात, पानं पिवळी, शिवण सुटलेली. केस काढलेल्या कोवळ्या विधवा, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या मुली, सवतीला ओवाळणाऱ्या पहिल्या बायका, खोकत खोकत हसणाऱ्या क्षयी सुना. सगळ्या गोऱ्या, सगळ्या नाजूक, सगळ्यांचे डोळे पाणीदार, आणि बहुतेक सगळ्या शेवटच्या पानावर मरायच्या. माझ्यासारखी सावळी, हातांना खळीचा वास येणारी एकही नव्हती. मी एकदा विचारलं, "या बाया दिवसभर काम काय करतात?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "सोसतात." आपण दोघंही हसलो होतो तेव्हा. पण मग तुम्ही पुन्हा पुस्तकात पाहिलंत आणि तुमचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. कागदावरच्या बाईसाठी रडणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. मला तुमचा फार अभिमान वाटला होता, आणि थोडा हेवा त्या बाईचा.

मग ती आली, गाठोडंवाली. तिचा नवरा कारकून, भला माणूस, मारझोड नाही की व्यसन नाही. तिला माहेरी आईला भेटायला जायचं आहे. तो म्हणतो, पुढच्या महिन्यात. ती गाठोडं बांधून ठेवते. मग त्याच्या साहेबाचं काही निघतं, मग दिराची मुंज, मग पाऊस. गाठोडं फडताळाखाली राहतं. शेवटी तो एक दिवस टांगा घेऊन दारात येतो, खुशीत हाक मारतो, आणि आत ती नुकतंच आलेलं आई गेल्याचं पत्र हातात घेऊन उभी असते. ती गाठोडं सोडते, लुगडी घडी करून जागेवर ठेवते, चुलीवर चहाचं आधण चढवते. काही बोलत नाही. गोष्ट संपली.

तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "काय लिहिलं आहे! एक शब्द नाही बोलली." मी चरखा फिरवत होते, डोळ्यांतून धार लागली होती, आणि तरी तोंडातून निघून गेलं, "बोलली नाही म्हणजे? तिले कोणी इचारलं काय?"

"अवं, तिचं मौनच बोलते. तेच तिचं मोठेपण."

"मोठेपण कायचं? आधण ठेवलं तिनं, कारण त्याले चहा लागते. लिहिणाऱ्यानंही नाही इचारलं, नवऱ्यानंही नाही. टांगेवाल्यानं तरी इचारायचं होतं."

तुम्ही हसलात. टांगेवाला तुम्हाला फार आवडला. पण मुद्दा तुम्ही सोडला नाहीत, आणि मीही नाही. तिथून जे आपलं सुरू झालं ते अगदी आतापर्यंत. ती गोष्ट तुमच्या शाळेच्या पुस्तकात लागली तेव्हा तर तुम्हाला बळच आलं. मागे प्रश्नच छापला होता, नायिकेच्या मौनातून तिचा त्याग कसा दिसतो. तुम्ही तो मला दाखवलात, कोर्टातला कागद दाखवावा तसा.

त्या दिवशीच्या रडण्याची एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. आज बोलते.

माझ्यासमोर दोन लाल होते. एक कुंकवाचा, एक डाळिंबी. उजेडात दोघांत फरक दिसतो, भरल्या डोळ्यांना दिसत नाही. मी काठाच्या कांड्या भरताना डाळिंबीत कुंकवाचा लाल भरला. सासऱ्यांची नजर तेव्हा उतरली होती, संध्याकाळच्या अंधारात त्यांनी विणून टाकलं. सकाळी उजेड पडला आणि काठावर दोन बोटांचा पट्टा वेगळाच दिसायला लागला. तसलं लुगडं गांधीबागेच्या कापडबाजारातला व्यापारी हातात धरणार नाही. विणलेलं सगळं उसवायची पाळी आली. सासरे नुसते मागावरून उठले. सासूबाई बोलल्या. "डोये फुटले काय वं तुये? ध्यान कुठं राह्यते?" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. माझ्या माहेरचा उद्धार झाला, माझ्या आईने काय शिकवलं तेही निघालं.

तुम्ही अंगणात सायकलला हवा भरत होता. माझं ध्यान कुठे होतं, ते त्या घरात फक्त तुम्हाला माहीत होतं. पंप वर-खाली, वर-खाली. चाक केव्हाचं टणक झालं असेल, तुम्ही भरतच होता. मग सायकलवर टांग मारून निघून गेलात.

सांगितलं असतंत तर आपलं वाचन त्याच दिवशी बंद पडलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. आणि दुपारी आल्यावर तुम्ही मुद्दाम एक विनोदी गोष्ट काढलीत, आवाज बदलून बदलून वाचलीत, तेही कळलं. तरी मला राग आला होता, आणि तो अजून आहे. त्या बाईचं गप्प राहणं मोठेपण, तर मग तुमचं त्या दिवशीचं काय? हे मी कधी विचारलं नाही. दरवेळी भांडण रंगात आलं की ते ओठांवर यायचं आणि मी गिळायची. तुम्ही चटकन कोमेजता म्हणून.

आता दुसरी गोष्ट सांगते, आणि खरं तर हीच सांगायची आहे. मला वाचायचं होतं. मी सातवी झालेली. वर्गात उभी राहून कविता म्हणायला बाई मलाच सांगायच्या. त्याच दिवसांत मी तुम्हाला एकदा म्हटलं, "द्या इकडं. आज मी वाचते, तुमी ऐका."

"अन् चरखा?" तुम्ही म्हणालात. खरंच होतं. चरख्याची घरघर थांबली की सासूबाई दारात उभ्या. तो आवाजच आमच्या कामाची हजेरी होता.

"मंग तुमी फिरवा," मी म्हटलं.

तुम्ही इतके हसलात, इतके हसलात की सासूबाईंनी बाहेरून विचारलं काय झालं. "धड्यात विनोद हाय, माय." मीही हसले तुमच्यासोबत. पण मी विनोद केला नव्हता.

पुढे सासू-सासरे गेले, माग मोडीत निघाला, आणि आपण प्रताप नगरला हे घर बांधलं. चरखा जुन्या घरीच राहिला. दस्तूर सांगणारं कोणी उरलं नाही. तुम्ही दोन वेताच्या खुर्च्या आणल्यात, समोरासमोर मांडल्यात. तुमच्या मनात होतं की आता मी जमिनीवर बसायचं नाही. केवढी मोठी गोष्ट होती ती आपल्यासाठी! पहिल्या दुपारी आपण नव्या नवरा-नवरीसारखे त्या खुर्च्यांवर बसलो. मला वाटलं, आता. तुम्ही पुस्तक उघडलंत आणि वाचायला लागलात. मी उठून मेथीची जुडी घेऊन आले. हातांना रिकामं बसता येत नव्हतं, आणि त्यांना द्यायला दुसरं काही कोणी पुढे केलं नाही. तेव्हापासून मेथी, शेंगा, तांदूळ, मुलीचे स्वेटर. चरख्याच्या घरघरीवर चढणारा तुमचा आवाज कूलरच्या घरघरीवर चढू लागला, एवढाच काय तो बदल.

दस्तूर गेला, चरखा गेला, तरी पुस्तक तुमच्याकडेच का राहिलं? मी मागितलं नाही, हे तुमचं उत्तर असणार. बरोबर आहे. एकदा मागून पाहिलं होतं. मला वाटायचं, आता यांनी विचारावं. कधीतरी सहज, चहाचा कप ठेवता ठेवता, आज तू वाचतेस का म्हणून. वर्षंच्या वर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहिली. हसू नका. लोक सोन्याची पाहतात, तीर्थाची पाहतात.

यंदा होळीनंतर तुम्हाला धाप लागायला लागली आणि वाचन थांबलं. अर्ध्या पानात खोकला. तुम्ही पुस्तक छातीवर पालथं घातलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. माझ्या हातात वाटाण्याच्या शेंगा होत्या, त्या मी खाली ठेवल्या. लुगड्याला हातसुद्धा पुसले. तुम्ही म्हणालात, "राहू दे. रेडिओ लाव. तुले कायले त्रास."

मी रेडिओ लावला. तुम्ही माझी काळजी केलीत, हे मला समजतं. पण त्या दुपारी मोरीत जाऊन मी रडले, आणि तुमच्या दुखण्यासाठी नाही. एवढं वाईट वाटलं होतं मला.

हे सगळं आज तांदळाचं सूप घेऊन मनात घोळत होतं, तेवढ्यात फाटक वाजलं. एक तिशीतली बाई, खांद्याला पर्स, कपाळावर घाम. वंदना म्हणाली नाव. तुमची विद्यार्थिनी, आता टेलिफोन ऑफिसात आहे. बाहेरगावी होती, तुमचं उशिरा कळलं. पाया पडली आणि तुमच्या खुर्चीवर बसता बसता थबकून खाली सतरंजीवर बसली. मला आवडली.

"काकू, सर आम्हाले तो गाठोड्याचा धडा शिकवत ना," ती म्हणाली, "तो मी जन्मात नाही विसरणार."

मी मनात म्हटलं, झालं, आता त्याग आणि मोठेपण ऐका.

"पुस्तकातले प्रश्न सर शेवटी घेत. आधी म्हणत, आमच्या घरी एक जण आहे, तिचं अन् ह्या गोष्टीचं पटत नाही. ती म्हणते, ह्या बाईले कोणी इचारलंच नाही. मले तिचं म्हणणं खोडता येऊन नाही राहिलं. तं पोरींनो, आपण इचारू. मंग एकेकीले उभं करत. म्हणत, तू ती बाई आहे असं समज. सांग, काय पाहिजे तुले?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी विचारलं, "अन् पोरी काय सांगत?"

"काही बी! कोणी म्हणे मले शिकाचं आहे, कोणी म्हणे सायकल पाहिजे. एकीनं म्हटलं, मले दुपारभर झोपाचं आहे, कोणी उठवू नये. आमी सगळ्या हसलो. सर नाही हसले."

"तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, मले नोकरी कराची आहे. घरी माझ्या लग्नाचं चालू होतं. दुसऱ्या दिवशी सर आमच्या घरी बाबाले भेटाले आले. तुमाले माहीतच असन ना, काकू?"

"हो," मी म्हटलं. "बोलले होते मले."

खोटं बोलले. तिच्यासमोर तुमची बाजू राखली. तिला सरबत केलं, जाताना तिच्या कपाळाला कुंकू लावायला हात उचलला आणि मागे घेतला. ती पोर शहाणी, तिने माझा तोच हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मग ती गेली आणि मी फाटकाला कडी लावून उन्हात तशीच उभी राहिले.

मला आनंद झाला, खूप झाला. तुम्ही माझं म्हणणं वर्गात नेलंत, वर्षानुवर्षं नेलंत, ते खोडता येत नाही असं चारचौघींत कबूल केलंत. घरी मात्र शेवटपर्यंत मौन नि मोठेपण करत राहिलात, मला चिडवायला. आणि त्याच वेळी इतका संताप आला तुमचा, की तुम्ही समोर असता तर मी सूप तुमच्या अंगावर पालथं केलं असतं. अहो, सगळ्यांना विचारलंत! वंदनाच्या बापालाही जाऊन भेटलात. रोज दुपारी समोरच्या खुर्चीवर बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईला तेवढं विचारायचं राहून गेलं. त्या लाल कांड्यांचं वर्गात कधी सांगितलं होतंत का, हे वंदनाला विचारायचं माझ्या मनात होतं. धीर झाला नाही.

मग मी आत आले. तांदूळ डब्यात ओतले, हात साबणाने धुतले. फडताळातून गाठोड्याचा धडा असलेलं तुमचं शाळेचं पुस्तक काढलं. माझ्या चष्म्याने अक्षरं पुसट दिसत होती, म्हणून तुमचा लावला. तुमच्या खुर्चीवर बसले. आणि कूलर बंद केला. जीव जाईल असं ऊन होतं, पण मला कशाच्या घरघरीवर आवाज चढवायचा नव्हता.

पहिल्या ओळीपासून वाचलं, मोठ्याने. सुरुवातीला आवाज मला माझाच वाटेना. दिराच्या मुंजीपर्यंत तो जागेवर आला. तुम्ही टांगेवाल्याची हाक फार जोरात द्यायचात, मी हळू दिली, तीच बरी वाटली. ती गाठोडं सोडते तिथे तुमचा चष्मा पदराला पुसून घेतला. आधण चढवते तिथे थांबले, कारण तुम्ही तिथेच थांबून माझ्याकडे पाहायचात.

समोर माझी खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि तुमच्या सुरात विचारलं, "सांग वं, काय पाहिजे तुले?"

आणि उत्तरही दिलं. घरात कोणी नाही म्हणून मोठ्याने दिलं. "मले वाचून दाखवाचं होतं. अन् तुमी ऐकाले पाहिजे होते."

तुम्ही काही बोलला नाहीत.